अडलेली यात्रा आणि विम्याचा कागद

मंडळी, घरातले कोणी लांबच्या प्रवासाला निघाले, की वडील माणसे त्याच्या हातावर दही ठेवतात. "नीट जा, पोचल्यावर कळवा" म्हणतात. दह्याने मनाला धीर येतो, हे खरेच. परंतु वाट मध्येच अडली तर भरलेल्या पैशांचे काय, कोणी जखमी झाले तर दवाखान्याचे काय, आणि देव न करो, त्याहून वाईट घडले तर मागे राहिलेल्यांचे काय, हे प्रश्न दह्याने सुटत नाहीत. त्यासाठी विमा काढावा लागतो.

पण विम्याबद्दलही आपल्या मनात एक भाबडी समजूत असते. विमा काढला म्हणजे गळ्यात ताईत बांधला, आता कोणतेही संकट येवो, पैसे मिळणारच, असे आपल्याला वाटते. तसे नाही. विमा हा एक करार आहे. करारात जे लिहिले आहे ते मिळते. जे लिहिलेले नाही ते मिळत नाही, मग मागणारा कितीही दुःखात असो. आज आपण एकाच कठीण प्रसंगापुरता हा करार उलगडून पाहू. दहशतवादी हल्ल्यामुळे प्रवास मोडला, तर विमा काय देतो आणि काय देत नाही?

हा प्रश्न दूरचा नाही. २२ एप्रिल २०२५ रोजी काश्मीरमध्ये पहलगामजवळच्या बैसरन पठारावर पर्यटकांवर गोळीबार झाला. त्यात २६ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी सहा आपल्या महाराष्ट्रातली, डोंबिवली, पुणे आणि पनवेल इथली होती. उन्हाळी सहलींचे दिवस होते. त्या आठवड्यात महाराष्ट्रातली कितीतरी कुटुंबे काश्मीरमध्ये होती, आणि कितीतरी बॅगा भरून निघण्याच्या तयारीत होती. जी तिथे अडकली त्यांना परत आणण्यासाठी राज्य सरकारने खास विमाने धाडली. जी निघायची होती, त्यांच्या घरी मात्र एकच चर्चा चालू होती: "आता जायचे कसे? आणि नाही गेलो, तर भरलेले पैसे बुडाले का?"

हे नीट समजावे म्हणून आपण देवळाली कॅम्पातली तीन घरे कल्पनेने डोळ्यांसमोर आणू. माणसे कल्पनेतली आहेत, पण त्यांची अडचण खरी आहे.

पहिले घर लॅम रोडवरच्या एका निवृत्त गुरुजींचे. गुरुजी आणि त्यांच्या सौभाग्यवती २८ एप्रिलला काश्मीरला निघणार होते. फेब्रुवारीत तिकिटे काढली, त्याच वेळी प्रवास विम्याची पॉलिसीही घेतली. दुसरे घर भगूरच्या बाजूच्या एका द्राक्ष बागाईतदाराचे. त्यांनी तिकिटे काढली, विमा काढला नाही. "कशाला ते खर्च?" म्हणाले. २२ तारखेची बातमी ऐकली आणि २३ तारखेला सकाळी धावत जाऊन पॉलिसी घेतली. तिसरे घर कॅम्पाच्या बाजारपेठेतल्या एका दुकानदाराचे. त्यांनी निराळा विमा घेतलाच नाही. रेल्वेचे तिकीट मोबाइलवर काढताना विम्याच्या चौकटीत खूण केली होती, तेवढीच. "आपला विमा आहे की," असे ते सर्वांना सांगत होते.

तिन्ही घरांनी जाणे रद्द केले. आता कोणाला काय मिळेल ते पाहू.

आधी बागाईतदाराकडे जाऊ, कारण त्यांचे उत्तर सर्वांत सोपे आहे. त्यांना या कारणासाठी काही मिळणार नाही. का? त्यांनाच विचारा. आभाळात गारांचे ढग दाटून आले, वारा सुटला, आणि अशा वेळी कोणी म्हणाले, "आता माझ्या बागेचा विमा उतरवा," तर कोणी उतरवील का? नाही. विमा पुढे येऊ शकणाऱ्या संकटाचा असतो. येऊन ठेपलेल्या संकटाचा नसतो. विम्याच्या भाषेत याला आधीच ठाऊक असलेली घटना म्हणतात. पॉलिसी घेतली त्या दिवशी जी घटना घडून गेली होती आणि सर्वांना कळली होती, तिच्यामुळे झालेले नुकसान विमा कंपनी देत नाही. बागाईतदारांची पॉलिसी अगदीच वाया गेली असे नाही. त्याच प्रवासात आजारपण, सामान हरवणे अशी दुसरी संकटे आली असती, तर ती उपयोगी पडली असती. परंतु ज्या भीतीने ती घेतली, त्या भीतीवर तिचा उपाय नव्हता.

आता गुरुजींकडे येऊ. त्यांनी वेळेवर विमा घेतला. मग त्यांना नक्की मिळणार? थांबा, घाई नको. त्यांनी आपली पॉलिसी बाहेर काढून, चष्मा लावून, पाच प्रश्नांची उत्तरे शोधली पाहिजेत.

पहिला प्रश्न. प्रवास रद्द करण्याच्या कारणांत "दहशतवादी कृत्य" हा शब्द आहे का? प्रवास विमा सगळ्या कारणांसाठी नसतो. पॉलिसीत कारणांची यादी दिलेली असते. प्रवाशाचा किंवा जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू, गंभीर आजार, नैसर्गिक आपत्ती ही कारणे बहुधा असतात. दहशतवादी कृत्य काही पॉलिसींत असते, काहींत नसते, आणि काहींत तर "हे सोडून" अशा यादीत असते. नुसते मुखपृष्ठ वाचून हे कळत नाही.

दुसरा प्रश्न. घटना कुठे घडली? पुष्कळ पॉलिसींत अशी अट असते, की ज्या गावी जायचे ठरले होते, तिथे किंवा तिथून ठरावीक अंतराच्या आत घटना घडली पाहिजे. गुरुजींच्या प्रवासाच्या कार्यक्रमात पहलगामचे नाव लिहिलेले होते. म्हणून त्यांचा दावा बळकट. तेच ते लेह-लडाखला निघाले असते आणि "काश्मीरच्या बातमीने मन घाबरले" म्हणून थांबले असते, तर दावा टिकला नसता.

तिसरा प्रश्न. घटना निघण्याच्या किती दिवस आधी घडली? इथेही मुदत असते. घटनेनंतर इतक्या दिवसांच्या आत प्रवास सुरू होणार असेल तरच भरपाई, असे लिहिलेले असते. गुरुजी सहा दिवसांनी निघणार होते. जूनच्या अखेरीस निघणार असते, तर कंपनी म्हणाली असती, "अजून दोन महिने आहेत, तोवर परिस्थिती निवळेल."

चौथा प्रश्न. ही घटना दहशतवादी कृत्य आहे हे कोण ठरवणार? पॉलिसीत त्याची व्याख्या दिलेली असते. राजकीय, धार्मिक किंवा तत्सम हेतूने, सरकारवर दबाव आणण्यासाठी किंवा लोकांत दहशत बसवण्यासाठी केलेला हिंसाचार, असा तिचा साधारण आशय असतो. काही ठिकाणी सरकारने तसे जाहीर करावे लागते. पहलगामच्या बाबतीत शंकेला जागाच नव्हती. पण एखाद्या गावात दंगल झाली, संचारबंदी लागली, तर ती दंगल दहशतवाद नव्हे. तिचे कलम निराळे शोधावे लागते.

पाचवा प्रश्न. नेमके कोणते पैसे मिळणार? इथे माणसे फार फसतात. म्हणून थोडा हिशेब करू. समजा, गुरुजींच्या सहलीचा खर्च साठ हजार होता: विमानाचे अठ्ठावीस हजार, हॉटेलचे वीस हजार, तिथल्या गाडीचे दहा हजार आणि रेल्वेचे दोन हजार. पहलगामच्या घटनेनंतर विमान कंपन्यांनी काही दिवस श्रीनगरच्या तिकिटांवरचे रद्द करण्याचे शुल्क माफ केले होते. तेव्हा समजू, की विमानाचे अठ्ठावीस हजार पुरते परत आले. हॉटेलवाल्याने नऊ हजार दिले, गाडीवाल्याने काहीच दिले नाही, आणि रेल्वेने शुल्क कापून सोळाशे दिले. म्हणजे परत आले अडतीस हजार सहाशे. बुडाले एकवीस हजार चारशे. विमा कंपनी विचार करील तो या एकवीस हजार चारशेचा. साठ हजारांचा नव्हे. त्यातही पॉलिसीत "पहिले हजार रुपये तुम्ही सोसायचे" असे असेल, तर हाती येतील वीस हजार चारशे. विमा नुकसान भरून काढतो, नफा करून देत नाही. एकाच नुकसानीचे पैसे दोन ठिकाणांहून घेता येत नाहीत.

म्हणून गुरुजींनी पहिले काम हे करायचे, की ज्याच्याकडे पैसे भरले, त्या प्रत्येकाकडे लेखी मागणी करायची आणि त्याचे लेखी उत्तर घ्यायचे. "परत मिळणार नाहीत" असे हॉटेलवाल्याने मोबाइलवर लिहून पाठवले, तरी तो पुरावा होतो. तोंडी बोलणे उपयोगाचे नाही.

आता तुम्ही म्हणाल, "भीती वाटणे हे कारण पुरेसे नाही का हो? गोळीबार झाला तिथे कोण जाईल?" माणूस म्हणून तुमचे म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे. परंतु विम्याला भीती मोजता येत नाही. आजार डॉक्टरच्या दाखल्याने मोजता येतो, बंद रस्ता सरकारी आदेशाने मोजता येतो. एकाची भीती दोन दिवसांत जाते, दुसऱ्याची वर्षभर राहते. शिवाय आग एका घराला लागते, आजार एका माणसाला होतो. दहशतीची बातमी एकाच दिवशी हजारो कुटुंबांचे प्रवास मोडते. सगळ्यांचे दावे एकदम येतात. म्हणून कंपन्या या संकटाला हात लावताना अटींचे कुंपण घालतात.

याला इतिहासही आहे. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेत विमाने इमारतींवर आदळवण्यात आली, आणि जगभरच्या विमा व्यवसायाला हादरा बसला. विमा कंपन्याही आपला विमा मोठ्या कंपन्यांकडे उतरवतात, त्याला पुनर्विमा म्हणतात. त्या मोठ्या परदेशी कंपन्यांनी दहशतवादाची जोखीम घेण्याचे नाकारले. तेव्हा आपल्या देशातल्या सर्वसाधारण विमा कंपन्यांनी एप्रिल २००२ मध्ये एकत्र येऊन दहशतवादाच्या जोखमीसाठी एक सामाईक निधी उभारला. भारतीय साधारण विमा निगम तो सांभाळतो. गावात दहा जणांनी मिळून भिशी लावावी आणि संकट येईल त्याच्या मदतीला ती यावी, तसा हा प्रकार. मात्र हा निधी इमारती, कारखाने, दुकाने अशा मालमत्तेसाठी आहे, प्रवाशांच्या तिकिटांसाठी नाही, हे ध्यानात ठेवावे.

आणखी एक बारीक पण मोठी गोष्ट. दहशतवाद निराळा आणि युद्ध निराळे. काही पॉलिसी दहशतवादी कृत्याची भरपाई देतात. पण युद्ध, परकीय आक्रमण, लष्करी कारवाई यांमुळे झालेले नुकसान बहुतेक सर्व पॉलिसींत वगळलेले असते. २०२५ च्या मे महिन्यात हे प्रत्यक्ष दिसले. ७ मे रोजी भारताने सीमेपलीकडच्या तळांवर कारवाई केली. त्यानंतर श्रीनगरसह उत्तर व पश्चिम भारतातले ३२ विमानतळ नागरी वाहतुकीसाठी बंद झाले, ते १२ मे रोजी पुन्हा उघडले. त्या दिवसांत ज्यांची विमाने रद्द झाली, त्यांचे मूळ कारण पहलगामचेच, असे आपल्याला वाटेल. पण विम्याच्या कागदावर ते कारण दहशतवादी कृत्याच्या रकान्यातून निघून लष्करी कारवाईच्या रकान्यात गेले. अशा वेळी विम्याआधी विमान कंपनीचे दार ठोठवावे. कंपनीने उड्डाण रद्द केले, तर तिकिटाचे पैसे परत किंवा दुसऱ्या उड्डाणात जागा, यांवर प्रवाशाचा हक्क आहे. सुरक्षेच्या कारणासाठी रद्द झाले असेल, तर वर आणखी नुकसानभरपाई मात्र मागता येत नाही.

तसेच सरकारी आदेशाचे. एप्रिल २०२५ च्या अखेरीस जम्मू-काश्मीर सरकारने ८७ पैकी ४८ पर्यटनस्थळे बंद केली. ज्यांचे ठरलेले ठिकाणच सरकारने बंद केले, त्यांनी त्या आदेशाची प्रत जपून ठेवावी. सहल कंपनीकडे पैसे मागताना ती उपयोगी पडते.

जे आधीच तिथे पोचले होते, त्यांचे काय? त्यांच्यासाठी पॉलिसीत निराळे कलम असते, प्रवास मध्येच सोडावा लागणे. न वापरलेल्या मुक्कामाचे पैसे आणि लवकर परतण्याचा जादा खर्च त्यात येतो. मात्र बहुतेक कंपन्या सांगतात, की परतण्याआधी त्यांच्या मदत क्रमांकावर कळवा. म्हणून पॉलिसीवरचा तो क्रमांक मोबाइलमध्ये तर ठेवावाच, पण कागदावर लिहून खिशातही ठेवावा. अशा वेळी मोबाइलची सेवा बंद पडू शकते. आणि एक सांगतो, जीव वाचवण्याची वेळ असेल, तेव्हा विमा कंपनीच्या परवानगीची वाट पाहू नये. आधी सुरक्षित जागी जावे, मग कळवावे, आणि उशिराचे कारण लिहून द्यावे.

आता तिसरे घर, दुकानदाराचे. "आपला विमा आहे की," असे म्हणत होते ना? त्यांनी सहल रद्द केली, तर त्या विम्यातून एक पैसाही मिळणार नाही. कारण तो विमा सहलीचा नाही, जिवाचा आणि शरीराचा आहे. रेल्वेचा हा ऐच्छिक विमा १ सप्टेंबर २०१६ पासून सुरू झाला. तेव्हा त्याचा हप्ता ९२ पैसे होता, पुढे तो अर्ध्या रुपयाच्या आसपास आला. संकेतस्थळावरून किंवा मोबाइलवरून काढलेल्या तिकिटालाच तो मिळतो. खिडकीवरच्या तिकिटाला मिळत नाही. मृत्यू किंवा पूर्ण कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख, अंशतः कायमचे अपंगत्व आल्यास साडेसात लाखांपर्यंत, आणि दुखापतीच्या दवाखान्यासाठी २ लाखांपर्यंत, असे त्याचे स्वरूप आहे. अर्ध्या रुपयात एवढे कोण देतो? म्हणून चौकटीत खूण जरूर करावी. आणि नुसती खूण करून थांबू नये, मोबाइलवर येणाऱ्या दुव्यावर जाऊन वारसाचे नावही भरावे. पुष्कळ जण तेवढे करीत नाहीत.

रेल्वेच्या बाबतीत आपल्या हातात आणखी एक मोठा हक्क आहे, आणि तो विमा काढलेला नसला तरी मिळतो. रेल्वे अधिनियम १९८९ मध्ये, १९९४ साली १२४-अ हे कलम घालण्यात आले. ते असे सांगते, की प्रवासी गाडीत, प्रतीक्षागृहात, तिकीटघरात, फलाटावर किंवा स्टेशनाच्या आवारात दहशतवादी कृत्य, हिंसक हल्ला, दरोडा, गोळीबार, जाळपोळ झाली, आणि त्यात प्रवासी मेला किंवा जखमी झाला, तर रेल्वेची चूक असो वा नसो, तिने भरपाई द्यायची. मृत्यूसाठी ही रक्कम १ जानेवारी २०१७ पासून ८ लाख रुपये आहे. ज्याच्याजवळ प्रवासाचे किंवा फलाटाचे वैध तिकीट आहे, त्याला हा हक्क आहे. मुलाला गाडीत बसवून द्यायला गेलेल्या आईने फलाटाचे तिकीट काढले असेल, तर ती या कायद्याच्या छत्राखाली आली. नसेल काढले, तर नाही. मंडळी, फलाटाच्या तिकिटाचे पैसे वाचवण्याचा मोह होतो तेव्हा हे आठवा.

ही काही नुसती कायद्याची पोपटपंची नव्हे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोन दहशतवाद्यांनी गोळीबार केला. आपल्या देवळालीहून, नाशिकरोडहून जाणाऱ्या गाड्या ज्या स्टेशनात थांबतात, तेच ते स्टेशन. लांब पल्ल्याच्या गाड्यांची वाट पाहत बसलेली साधी माणसे त्यात मारली गेली. एकट्या त्या स्टेशनात ५८ जणांचे प्राण गेले. रेल्वेचे निवेदक विष्णू झेंडे यांनी आपल्या खोलीतून ध्वनिक्षेपकावर सतत सूचना देऊन पुष्कळ लोकांना दुसऱ्या वाटेने बाहेर काढले. एका आवाजाने किती माणसे वाचली! जे वाचले नाहीत, त्यांपैकी बरेच जण गाडीत चढलेलेसुद्धा नव्हते. म्हणूनच कायद्यातला "फलाट" आणि "प्रतीक्षागृह" हा शब्द महत्त्वाचा. तिकिटाबरोबरचा अर्ध्या रुपयाचा विमा गाडीत चढण्यापासून उतरण्यापर्यंतचा. कायद्याचे छत्र स्टेशनाच्या आवारापर्यंत पसरलेले. दोन्हींतला हा फरक लक्षात ठेवावा.

ही भरपाई रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करून मागावी लागते. त्याचे एक पीठ मुंबईत आहे. घटनेपासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा. तिकीट, पोलिसांचा पंचनामा, दवाखान्याचे किंवा शवविच्छेदनाचे कागद, वारसाचा पुरावा, एवढे जवळ हवे.

गावातल्या माणसाला परवडतील असे आणखी दोन विमे बँकेत मिळतात, तेही सांगून ठेवतो. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये हप्ता आहे. १८ ते ७० वर्षांच्या खातेदारास अपघाती मृत्यूसाठी २ लाखांचे संरक्षण मिळते. माणसाचा खून झाला, तरी तो या योजनेत बसतो. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत हप्ता ४३६ रुपये, आणि मृत्यू कोणत्याही कारणाने येवो, वारसास २ लाख मिळतात. मात्र सुरुवातीच्या तीस दिवसांत अपघाताखेरीज इतर कारणांसाठी ही रक्कम मिळत नाही. दोन्हींचे वर्ष १ जून ते ३१ मे. मेअखेर खात्यात पैसे नसतील, तर विमा खंडित होतो. नुकसानभरपाईचा विमा एकदाच मिळतो, असे मघाशी म्हटले. जिवाच्या विम्याचे तसे नाही. माणसाच्या जिवाची किंमत करून ती भागून घेता येत नाही. म्हणून अशा चार पॉलिसी असतील, तर चारही ठिकाणी दावा करता येतो.

सरकारी मदत ही विम्याहून निराळी. दहशतवादी हिंसाचारात मरण पावलेल्या नागरिकांच्या कुटुंबांसाठी केंद्र सरकारची २००८ पासून एक योजना आहे. तिची रक्कम २०१६ मध्ये तीन लाखांवरून पाच लाख करण्यात आली. तिचा मार्ग जिल्हाधिकारी कचेरीतून जातो. पहलगामनंतर महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने राज्यातल्या सहाही कुटुंबांना प्रत्येकी ५० लाख रुपये देण्याचा निर्णय घेतला. आयुर्विमा महामंडळानेही त्या वेळी एक चांगली गोष्ट केली. मृत्यूचा दाखला हाती नसेल, तरी मृत्यूची सरकारी नोंद किंवा सरकारने दिलेल्या मदतीचा पुरावा चालेल, असे जाहीर केले. पण ही झाली त्या त्या वेळची सहृदयता. तिच्यावर आधी विसंबून राहता येत नाही.

कोणाची मुले परदेशात असतात, आणि आजी-आजोबा भेटीला निघतात. युरोपातल्या शेंगेन देशांच्या प्रवेशपत्रासाठी निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा काढावाच लागतो. तो काढला, की सगळे झाले असे समजू नका. तो आजारपणाचा आणि दुखापतीचा आहे. प्रवास रद्द होण्याचा भाग त्यात आपोआप येतो असे नाही.

दावा नाकारला गेला तर काय करावे? गप्प बसू नये. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवावे. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जावे. पुण्यात त्याचे कार्यालय आहे. तिथे फी नाही, वकील लागत नाही, साधा अर्ज पुरतो. कंपनीने नकार दिल्यापासून वर्षाच्या आत मात्र जायला हवे. सहल कंपनीने पैसे अडवले असतील, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींशी दोन शब्द. तुम्ही मुलांची सहल काढता. पालक पैसे आणून देतात, कोणी एकदम, कोणी तीन हप्त्यांनी. कोणाच्या आईने कांदे भरण्याच्या मजुरीतून ते बाजूला ठेवलेले असतात. ती सहल काही कारणाने मोडली, तर त्या आईला तोंड तुम्हाला द्यावे लागते, विमा कंपनीला नाही. म्हणून पैसे घेण्याआधी एवढे करा. गाडीवाल्याकडून आणि मुक्कामाच्या जागेकडून लिहून घ्या, की सहल रद्द झाली तर किती परत मिळतील आणि किती दिवसांत. विमा घेणार असाल, तर पहिला हप्ता भरता त्याच दिवशी घ्या, बातमी आल्यावर नव्हे. पॉलिसीत "दहशतवादी कृत्य" हा शब्द कुठे आहे, देणाऱ्या यादीत की वगळलेल्या यादीत, ते बोट ठेवून दाखवायला विमा प्रतिनिधीला सांगा. आणि मग पालकसभेत ते मोठ्याने वाचून दाखवा: काय मिळेल, काय मिळणार नाही. ऐकणाऱ्याला थोडी धास्ती वाटेल, वाटू द्या. पण पुढे कधी प्रसंग आलाच, तर "गुरुजींनी आम्हाला आधी सांगितले होते" असे त्या आईला म्हणता आले पाहिजे.

आपल्या तीन घरांपैकी गुरुजींना वीस हजार मिळाले, बागाईतदारांना धडा मिळाला, आणि दुकानदारांना कळले की आपला विमा नेमका कशाचा आहे. तिघेही घरी सुखरूप राहिले, ही त्यांतली सर्वांत मोठी कमाई. कारण विम्याचा कागद गेलेला पैसा काही अंशी परत आणतो. गेलेले माणूस परत आणीत नाही. तेव्हा कागद नीट वाचा, वेळेवर घ्या, जपून ठेवा. आणि निघताना हातावर दही घ्यायलाही विसरू नका.